पाण्यावरून आलेली भाऊबीज

नदी दिसली की आमचे मामा पहिल्यांदा वर बघायचे. तारा कुठून कुठे गेल्यात, मोटारीची केबल कुठल्या खांबावरून पाण्याकडे उतरलीय, स्टार्टरची पेटी कुणाची, हे सगळं बघून झालं की मग नजर खाली पाण्याकडे. एकतीस वर्षं शिरूरच्या बाजूला लाइनमन म्हणून खांबावर चढलेला माणूस, दुसरं काय करणार! या माणसाने निवृत्त झाल्यावर हवा भरायची रबरी होडी विकत घेतली, आणि आमच्या सगळ्या खानदानाने त्यांना वेड्यात काढलं. मी तेवढी आनंदाने उड्या मारत होते.

होडी कुरिअरने आली. दोन माणसं बसतील एवढी, दोन वल्ही, पायाने दाबायचा पंप. पहिली चाचणी शेततळ्यात झाली. मामींनी मामांच्या कमरेला कासरा बांधला होता आणि दुसरं टोक स्वतःच्या मुठीत धरलं होतं. मामा एकाच बाजूने वल्हं मारत असल्यामुळे तळ्याच्या मधोमध नुसते गोल फिरत होते.

"आवं, सरळ जाईना व्हय ती?" मामींनी विचारलं.

"सरळ जायाला तळं कुठं एवढं मोठं हाय?" मामा म्हणाले. गावाने त्याच दिवशी होडीचं नाव 'फुगा' ठेवलं.

मी तेव्हा दौंडला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायचे. मामांना वल्हवायला जोडीदार हवा होता, आणि मामेभाऊ एकेक कारण सांगून सटकले होते. मामांनी मला फोन केला. "दिसभर लोकान्ला सुया टोचतीस, तुझा हात थरथरत न्हाई. तूच ये." झालं, माझी रजा त्याच दुपारी टाकून झाली. बेत असा होता की, चिंचणीच्या धरणाखाली घोड नदीत होडी टाकायची, काठावर दोन मुक्काम करायचे, संगमावर भीमेत शिरायचं आणि भाऊबीजेला दुपारी दौंडला आमच्या घरामागे उतरायचं. मामा आयुष्यात पहिल्यांदा भाऊबीज वेळेवर गाठणार होते.

पहिल्यांदाच म्हणते ते खरं आहे. दिवाळीत सगळीकडे लाइटच्या माळा लागायच्या, लोड वाढायचा, कुठला तरी डीपी जळायचा आणि मामा खांबावर. आईकडे यायचे ते चार-पाच दिवसांनी, कुणाच्या तरी जीपमध्ये बसून, मळक्या कपड्यांत. आई थोरली बहीण. दरवर्षी ताट मांडून बसायची आणि दिवस मावळला की उचलून ठेवायची. त्यानंतर औक्षण करायचं नाही, हा तिचा हट्ट. निवृत्तीनंतरची ही पहिली दिवाळी, आणि हा बाबा म्हणतोय होडीने येतो! आईने फोनवर झाडलंच. "आता तरी एष्टीनं ये रे. दिस मावळायच्या आत आला न्हाईस तर ह्या साली बी ताट उचलीन, मग जन्मात मांडायची न्हाई." मामांनी नुसतं "बरं आक्का" म्हटलं आणि पंपाला तेल घातलं.

मामांचे नियम कडक होते. लाइफ जॅकेटशिवाय पाय पाण्यात घालायचा नाही. निघण्याआधी वाटेतल्या चारही सबस्टेशनांना फोन करून शेतीची लाइट कधी आहे ते विचारायचं, कारण लाइट आली की काठावरच्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि कुणाची केबल पाण्यात कुठे सोललीय ते त्या शेतकऱ्यालाही ठाऊक नसतं. त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती, म्हणून दिवस आमचा होता. काय दिवस होता तो! पाणी निवळलेलं, दोन्ही काठांना ऊस तुऱ्यावर आलेला, खंड्या समोरून सुळकन जायचा आणि मामा खांब आला की त्याची ओळख करून द्यायचे. "ह्यो वाकडा हाय ना, ह्याच्यावर मला गांधीलमाशी चावली हुती." मी हसून हसून वल्हं सोडून द्यायचे.

मुक्काम मोकळ्या वाळूवर, उसापासून लांब, कारण आमच्याकडे ऊस म्हटलं की बिबट्या आलाच. ताडपत्रीचा तंबू, शेकोटी, मामींच्या भाकरी आणि डबाभर चिवडा. दुसऱ्या संध्याकाळी एक म्हातारे शेतकरी काठी टेकत उतरले आणि मामांच्या तोंडावर बॅटरी मारून उभे राहिले.

"तुम्ही लाइनमन न्हवं? तुम्हीच माझा तारेवरचा चोरीचा आकडा काढला हुता."

"व्हय आबा, मीच."

"आन् आता माझ्याच रानात झोपायला आलाय?"

"तुमचं रान वर संपलं, आबा. ही वाळू नदीची हाय."

आबा खदाखदा हसले. घर वर असताना बिबट्याच्या तोंडात कशाला झोपता, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मामा म्हणाले, "एकतीस वर्सं लोकांच्या घरात उजेड केला. आता जरा मला अंधार बघू द्या की." आबांना ते पटलं नाही, पण जाताना आमच्या शेकोटीला चार लाकडं जास्तीची टाकून गेले.

सकाळी उठलो तर नदी नव्हती. म्हणजे होती, पण पार पलीकडे, घोट्याएवढी. रात्री कमरेएवढ्या पाण्यात बांधलेली आमची होडी चिखलात बसली होती. आबा काठावरून ओरडले, "वरच्या बंधाऱ्याचं ढापं काल सांजंला बसवलं, तुम्हाला ठावं न्हवतं व्हय?" पावसाळा सरला की गावोगाव बंधाऱ्यांच्या मोऱ्यांत लोखंडी ढापे बसवून पाणी अडवतात. बंधारा भरेपर्यंत खाली थेंब येत नाही. नदीकाठी जन्म गेलेल्या माणसाने चार सबस्टेशनांना फोन केले होते, आणि ढाप्यांचं विचारायचं राहिलं होतं. मामा चिखलातल्या होडीवर डोक्याला हात लावून बसले. भाऊबीजेची सकाळ होती.

"ट्रॉलीत टाकू तुमचा फुगा," आबा म्हणाले. "तासात दौंडला सोडतो."

मामा मान हलवेनात. माझं डोकं फिरलं. "मामा, पुरे झाला हट्ट. आई तिकडं ताट मांडून बसेल."

"तेच की गं," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "दर साली कुणाच्या तरी गाडीत बसून गेलो. एकदा माझ्या हातानं जायाचं हाय मला तिच्याकडं."

मी तंबू सोडायला घेतला. आबांनी फेटा सारखा केला, दोन भाऊबंदांना हाक मारली, आणि ज्यांचा आकडा मामांनी काढला होता त्यांनीच होडी डोक्यावर घेतली. पुढे मामा वल्ही घेऊन, मागे मी सगळं बोचकं घेऊन, बांधाबांधाने संगमापर्यंत. वाटेत बायका दारातून विचारायच्या, "कुणाचं वऱ्हाड?" आणि आबा ऐटीत सांगायचे, "लाइनमन बहिणीकडं चाललाय."

भीमा भरलेली होती. बघूनच अंगात वारं शिरलं माझ्या! पण ऊन कलायला लागलं होतं, पुढे जलपर्णीचा पट्टा आडवा पसरला होता, आणि कितीही वल्हं मारलं तरी अंधाराआधी दौंड येणार नव्हतं. मामांना ते माझ्याआधी कळलं. त्यांनी होडी काठाला लावली आणि वल्हं मांडीवर ठेवलं. मी आईला फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. मला वाटलं, आता फुटतोय बॉम्ब. आई एवढंच म्हणाली, "कुठं हाय ते नीट सांग."

शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून ती आली. नवी साडी, मांडीवर फडक्यात बांधलेलं ताट. सूर्य पलीकडच्या उसाला टेकत होता. मामा होडीतून उतरायला लागले तर ती म्हणाली, "बस तिथंच, येळ घालवू नको," आणि साडी खोचून गुडघाभर पाण्यात शिरली. मी होडी धरून ठेवली. वाऱ्याने निरांजन दोनदा विझलं, तिसऱ्यांदा मामांनी ओंजळ धरली. आईने चिखलाने माखलेल्या कपाळावर कुंकू लावलं, ओवाळलं, आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होती. मामांनी खिसा चाचपला, तो चिंब भिजला होता.

"ओवाळणीला काय घालू आक्का?"

"काय नको. मला बसव हिच्यात."

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. बसल्या खुर्चीत, एका क्षणात. ते राहू दे. त्या संध्याकाळी मी एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात आईच्या चपला घेऊन भीमेच्या काठावर उभी होते, आणि आठ पावलांवर लाइफ जॅकेट उलटं घातलेली माझी आई भावाला दटावत होती, "काठाकाठानं काय नेतोस रे? जरा आत घे की."