आधी बोललेले बारा हात

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, शाळाही चौथीपर्यंतच झाली. पण त्या बाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अमरावतीच्या क्लबात पत्त्यांच्या, ब्रिजच्या स्पर्धेला मी चहा देत होते. त्या मोर्शीहून आलेल्या, साठीच्या. पत्ते हाती आले की आधी पदर खोचायच्या, मग चष्मा पुसायच्या. सकाळी त्यांनी दहाच हातांची बोली केली आणि काढले बारा. जोडीदार म्हणून समोर बसलेले त्यांचे यजमान चिडले. चहा घेताना त्या मला म्हणाल्या, "बाई, बारा हात केले, पन आधी बोललीच नाही मी. मंग त्याचे, स्लॅमचे, जास्तीचे गुण कोन देईन मले?"

शेवटच्या डावावर कप ठरणार होता, त्यांचा की अकोल्याच्या जोडीचा. मी ट्रे घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. त्यांनी खेळातली ठरलेली बोली बोलून यजमानांना एक्के किती ते विचारलं. उत्तर आलं, एक. दोन त्यांच्या हातात होते, म्हणजे बाहेर एकच. चष्मा न पुसताच त्या म्हणाल्या, "सहा इस्पिक!" बोलीत पहिले सहा हात मोजत नाहीत, म्हणजे एकूण बारा हात.

अकोल्याचे काका हसले. "वहिनी, आज लय भूक लागली का वो?"

"लागली. वाढा लवकर."

काकांच्या एक्क्याने एक हात नेला. बाकीचे बाराही बाईंनी ओढले.

"जमवलं वं तुनं!" यजमान उठून उभेच राहिले.

चार माणसांत माझा आवाज कधी निघत नाही. त्या दिवशी मी ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.