फॉरेनवाल्याचा पत्ता

संघर्ष मेश्रामला पाऱ्यात, म्हणजे त्याच्या मोहल्ल्यात, नावानं फक्त पोस्टमन ओळखायचा. बाकी सगळ्यांसाठी तो फॉरेनवाला. छत्तीसगडातल्या उरल्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या त्या वस्तीत 'फॉरेनवाले भैया का घर' म्हटलं की ऑटोवाला बरोबर निळ्या गेटपुढे नेऊन सोडायचा.

हे नाव त्याच्या आईनं, गोदावरीबाईंनी, मेहनतीनं रुजवलं होतं. पंडरीच्या कापडबाजारात साडी घेताना दुकानदारानं न विचारताच त्या सांगायच्या की पोरगा बाहेर देशात साहेब आहे. संघर्षचा बाप रेल्वेच्या वॅगन कारखान्यात खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा मदतनीस, होता. जन्मभर त्याला लोकांनी 'ए' म्हणून हाक मारली. तो गेल्यावर बाईंनी ठरवून टाकलं होतं की पोराला तसं कोणी म्हणणार नाही.

खरं काम निराळं होतं. उरल्यातली एक कंपनी लोखंडी सळया काढणाऱ्या मिलची यंत्रं बनवून परदेशी पाठवायची. ती तिथे जोडायची आणि पहिली सळई सरळ निघेपर्यंत थांबायचं, हे संघर्षकडे. कधी केनिया, कधी ओमान, कधी टांझानिया. दोन-तीन महिने तिकडे, मग घरी, मग पुन्हा बॅग. तिकडे तो पत्र्याच्या कंटेनरमध्ये झोपायचा, स्वतःची खिचडी स्वतः लावायचा आणि दिवसभर कोपरापर्यंत काळा असायचा. आई काय सांगत फिरते हे त्याला माहीत होतं. तिची हौस आहे, आपलं काय जातं, असं म्हणून त्यानं कधी तिला टोकलं नाही.

आता मात्र त्याला थांबायचं होतं. मागच्या खेपेला घरी आला तेव्हा भावनानं, त्याच्या बायकोनं, वाढता वाढता विचारलं होतं, तिखट चालते ना तुम्हाले? लग्नाला सहा वर्षं झाली होती. पाहुण्याला विचारावं तसं ती विचारत होती, आणि तिला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. त्या जेवणात त्याचं लक्ष लागलं नाही.

त्यानंतर त्यानं आयटीआयतल्या प्रशिक्षण अधिकाऱ्याच्या जागेसाठी परीक्षा दिली. निवड झाली. पोरांना फिटरचं काम शिकवायचं, संध्याकाळी घरी यायचं. फक्त छत्तीसगडचा कायमचा रहिवासी असल्याचा दाखला नव्हता, आणि तो महिनाअखेरीच्या आत दिला नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती.

ऑनलाइन अर्ज परत आला. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्याचा जन्म तुमसरचा, म्हणजे महाराष्ट्रातला. नोकरीच्या कागदांवर निम्मी वर्षं परदेशातली. स्वतः हजर व्हा, असं उत्तर आलं. तो तहसीलीत गेला. खिडकीतल्या बाबूनं कागद उलटेपालटे केले आणि हसत म्हटलं, "जनम उधर, काम बाहर. तो भैया, आप रहते कहाँ हो?"

बाबूनं गंमत केली होती. संघर्षला हसू आलं नाही.

पटवारी घरी येऊन चौकशी करेल, शेजारपाजाऱ्यांना विचारेल, असं ठरलं. दिवस मात्र ठरला नाही. झालं, संघर्षची घालमेल सुरू झाली. लोड नसलेली मोटर जशी नुसतीच घोंघावते तसा तो घरभर फिरायचा. गेट उघडायचा, लावायचा. मोटरसायकलचा आवाज आला की चप्पल पायात. भावना म्हणाली की तुम्ही गच्चीवर जाऊन बसा, खाली मले चक्कर येऊन राहिली तुम्हाले पाहून. आईला त्यानं एवढंच सांगितलं होतं की सरकारी काम आहे. तिला जास्त सांगितलं तर ती पाराभर करेल, ही भीती.

तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही. चौकात निरंजन साहूची आटाचक्की होती. साक्षीला तोच येणार होता. पटवारी तिकडे आधी गेला की काय, हे पाहायला संघर्ष निघाला, आणि पटवारी मागच्या गल्लीनं घरी पोचला.

भावना आत त्यांच्या लहान पोरीला आंघोळ घालत होती. दारात गोदावरीबाई होत्या.

संघर्ष परत आला तेव्हा आई खुशीत कपबश्या विसळत होती.

"एक साहेब आला होता," ती म्हणाली. "तुह्याबद्दल विचारून राहिला होता, इथं राहते का म्हणून. म्या चांगलं सांगतलं."

"काय सांगतलं?"

"म्हटलं, इथं कायले राहीन? फॉरेनले राहते. मोठा बंगला हाय कंपनीचा. आमच्याकडे येते कधीमधी, पाहुण्यासारखा. चहा पेला त्यानं, अन् लिवूनबी घेतलं."

संघर्ष पायरीवर बसला. उठला. पुन्हा बसला.

पटवाऱ्याला त्यानं तहसीलीबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. तो माणूस वाईट नव्हता. तुमच्या आईनंच सांगितलं तर मी काय लिहू, असं त्यानं विचारलं. रिपोर्ट वर गेला होता. आता तहसीलदार मॅडमसमोर हजर व्हायचं, आईला आणि एखाद्या शेजाऱ्याला घेऊन.

रात्री त्यानं आईला सगळं समजावलं. नोकरी काय आहे, दाखला काय आहे, तिच्या बोलण्यानं काय झालं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "निरंजनबी येईन ना तिथं?"

"येईन. साक्षीदार हाय तो."

"त्याच्यासमोर म्या काय सांगू? का माहा पोट्टा मिस्त्री हाय?"

"हो. तेच सांग."

"अन् आजपर्यंत सांगत आली ते?"

त्याला तिला समजवायचं होतं, पण तोंडून भलतंच निघालं. तो म्हणाला की तुह्या साहेबापायी माहं घर सुटून राहिलं. गोदावरीबाई उठून आत गेल्या आणि जेवल्या नाहीत.

सकाळी मात्र त्या पांढरी साडी नेसून गेटजवळ उभ्या होत्या.

तहसीलीत नंबर लागेपर्यंत दुपार झाली. संघर्ष व्हरांड्यात येरझारा घालत होता. निरंजन भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. मॅडम संघर्षपेक्षा लहानच असतील वयानं. त्यांनी शाळेचे दाखले पाहिले, मग पासपोर्टची पानं एकामागून एक उलटली. शिक्केच शिक्के.

"आप तो जमीन पर कम, हवा में ज्यादा रहते हैं," त्या म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. पटवाऱ्याच्या रिपोर्टात लिहिलंय की मुलगा विदेशात राहतो, हे तुम्हीच सांगितलं का?

गोदावरीबाईंनी पदर सावरला. सवयीनं मान ताठ झाली. निरंजन आता पूर्ण जागा होता.

"हव, हमने ही बोला," त्या म्हणाल्या. मग हिंदी सोडून मराठीतच सांगू लागल्या. "साहेब-बिहेब नाही तो, बाई. मिस्त्री हाय. मशीन बसवाले जाते. तिथं पत्र्याच्या डब्यात झोपते, मले भावनानं फोटो दाखवला होता, म्या कोणाले सांगतलं नाही. काम झालं का घरीच येते, दुसरीकडं कुठं जाईन? फॉरेनले त्याले कंपनीनं कमी अन् म्याच जास्त ठेवलं."

मॅडमना सगळं कळलं की नाही कोण जाणे. पण त्यांनी निरंजनला विचारलं, निरंजननं "हव मॅडम, यहीं के हैं, बचपन से" म्हटलं, आणि त्यांनी जुना रिपोर्ट बाजूला ठेवून कागदावर सही केली. दाखला चार-दोन दिवसांत निघेल, मोबाईलवर मेसेज येईल.

ऑटोत संघर्ष दर मिनिटाला मोबाईल पाहत होता, जणू मेसेज आत्ताच येणार होता. आई रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

चौकात उतरल्यावर निरंजन जरा घुटमळला. मग संघर्षला बाजूला घेऊन म्हणाला, "भैया, बुरा मत मानना. चक्की की शाफ्ट बहुत दिन से आवाज कर रही है. आप साहेब थे, कैसे बोलते?"

संघर्षनं आईकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. निरंजनसमोर तिचा चेहरा एकदम उतरला, मग हळूहळू नेहमीसारखा झाला.

"चालू करून ठेव," संघर्ष म्हणाला. "आलोच."

तो निघणार तेवढ्यात गोदावरीबाईंनी त्याच्या बाहीला धरलं.

"शर्ट बदलून जाय," त्या म्हणाल्या. "ग्रीस लागन."