डोंगरातला अडुळसा

झाडं ओळखण्यात आमच्या घरात माझा हात धरणारं कोणी नाही. (घरात आम्ही दोघंच. बायकोला मी अजून विचारलेलं नाही.)

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात नेकनूरजवळच्या सासुरवाडीला गेलो, तर मामा, म्हणजे माझे सासरे, खोकून खोकून बेजार! नव्या जावयाला छाप पाडायला यापेक्षा चांगली संधी कुठली? मोठ्या मेहुण्याला, संजयला, घेऊन मी थेट डोंगर गाठला.

झाडीत शिरतो तर काय, कमरेएवढी हिरवीगार झुडपं! ऐन थंडीत पानं तुकतुकीत!

"सापडला! अडुळसा!" मी ओरडलोच.

संजयनं आधी झुडपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दाजी, ह्याला काटे हायेत की."

"डोंगरातल्या अडुळशाला असतात!"

"चीक बी निघायलाय."

"तोच तर औषधी!"

"असंल," म्हणून तो गुमान पाला तोडायला लागला. माझे हात रक्तबंबाळ झाले, पण छाती अशी फुगली होती की विचारू नका!

घरी मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, पिशवीत डोकावून "बरं झालं," म्हटलं आणि पातेलं चुलीवर चढवलं. मी बाहेर मामांना अडुळशाचे गुण सांगत बसलो. काढ्याचं फुलपात्र त्यांच्या हातात आलं, आणि तेवढ्यात आतून बायकोचा आवाज!

"आये, करवंदीचा पाला कावून उकळायलीस?"

"हळू बोल! जावयानं आणलाय."

"मंग सांग की त्यांना!"

"पहिल्याच खेपंला जावयाला चुकलं कसं म्हणावं? तुजे बाबा पितेत गुमान."

करवंद! केजच्या स्टँडवर मी ती द्रोणाद्रोणानं खाल्ली होती, पण कुठल्या झाडाला लागतात हे बघायची कधी वेळच आली नव्हती! इकडे मामांनी फुलपात्र ओठांना लावलेलं. बोलावं तर अब्रू जाते, न बोलावं तर सासरा!

मी झडप घालून फुलपात्र हिसकावलं. "मामा, मलाच... ख्वॉक्!... खोकला आलाय!" आणि डोळे मिटून घटाघट प्यायलो. कडूजहर!

मामी लगबगीनं बाहेर आल्या. "अगं बया! जावईबापूंना बी खोकला? घ्या, पातेलंभर हाय अजून!"

मी तेही प्यायलो. मामा दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या गोळ्यांनी बरे झाले. त्या घरात मला कुणी एका शब्दानंही दुखावलं नाही.

उन्हाळ्यात सासुरवाडीहून करवंदाच्या लोणच्याची बरणी आली. मागोमाग मामींचा फोन. "जावईबापू," त्या तितक्याच आदरानं म्हणाल्या, "डोंगरातल्या अडुळशाचं लोणचं पाठवलंय."

मी एक तोंडात टाकलं आणि म्हणालो, "मामी, यंदा अडुळसा लई आंबट आलाय!"