मागच्या काचेतून अण्णांनी जे पाहिलं

देव माझ्याशी कधी सरळ वागलेला नाही. आमच्याकडं कुणी नवस बोललं की औंढ्याचा नागनाथ लगेच पावतो म्हणतात. मी बोललो की त्याचा डोळा लागतो. तरी घडलं ते लिहायला बसलो आहे. गावात माझं बोलणं रुपयातलं चार आणे खरं धरतात, हे मला माहीत आहे. एवढ्या एका वेळी सोळा आणे धरा.

आमचं गाव ताडकळसजवळ. येलदरीच्या धरणावर कधीकाळी आलेल्या कुणा साहेबाची विलायती गाडी हातोहात फिरत माझ्या दारात येऊन मेली होती. मी ती जिवंत केली. गाडी एवढी लांब, की पुढचं चाक ताडकळसच्या बाजारात पोचलं तरी मागचं अजून पूर्णेच्या फाटकातच. तिला मागं वर उघडणारं दार, दाराला काच आणि त्या काचेलाही वायपर. लांबून लांबून लोक तो वायपर बघायला येत. तो हलताना मात्र कुणी पाहिला नव्हता, मीसुद्धा नाही. मागं बघायची मला कधी गरजच पडली नव्हती.

भादव्यात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, छाती भरून आली. धाप अशी की घरावरचे पत्रे हलावेत. परभणीच्या दवाखान्यात न्यायचं, तर विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद. एसटी नाही, जीप नाही, गॅरेजं बंद. गाडीतली मागची सीट पाडून गादी घातली. अण्णांना तोंड मागच्या काचेकडं करून टेकून बसवलं, कारण तसंच त्यांना श्वास घेता येत होता. त्यांनी एवढंच विचारलं, "बळीला सांगितलं का?"

बळीराम माझा थोरला भाऊ, पूर्णेला रेल्वेत. माझ्या लग्नात आहेराचा फेटा आखूड निघाला म्हणून रुसून गेला, तो पुन्हा उंबऱ्यावर आला नव्हता. निरोप पाठवला होता, पण मला काडीची आशा नव्हती. तरी मी ठोकून दिलं, "निघालाय अण्णा. मोटरसायकलवर मागनंच यायलाय."

झालं. अण्णांनी काचेवर डोळे लावले. काळ्या रानातला रस्ता. मैलभरात काच चिखलानं लिंपली. "काच पूस," अण्णा म्हणाले. उतरून पुसली. पुन्हा चार पावलं, पुन्हा चिखल. न पुसता दामटायला गेलो तर ते उठून दार ढकलू लागले, तोंड निळं पडलं. "बळी दिसंना मला. थांबव गाडी." थांबलो तर उशीर, पळवली तर हे जीव टाकतात.

मग मी वायपरच्या मागं लागलो. फ्यूज काढून घासला, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवला. मोटरीवर पान्ह्यानं ठोकलं. ढिम्म. पावसात उभा राहून म्हणालो, "नागनाथा, आजवर काही दिलं नाहीस. हा एवढा वायपर तरी हलव."

तेवढ्यात एक बाई आली. अंगानं ऐसपैस, डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ. लेक परभणीला बाळंत होणार आणि एसटी नाही, म्हणून पायी निघालेली.

"ड्रायव्हर, मला घे."

"बाई, माझा बाप मरायला टेकलाय, मी वायपर दुरुस्त करायलोय."

"मग बापाला धराया कोण हाय? सरक." ती मागून आत चढली, अण्णांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दार असं आदळलं की झाडावरचे बगळे उडाले. वायपर चालू झाला. बटन बंद केलं तरी थांबेना. बिजागरीपाशी तुटलेली तार त्या दणक्यानं जुळली असेल, असं पुढं मेकॅनिक म्हणाला. असेल.

आता मी गाडी पुढं काढली. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "आला." दूधवाला असेल म्हणून मी आरशात पाहिलं. बळीच होता; चिखलानं माखलेला, मोटरसायकल हाणत. आयुष्यात हजार थापा मारल्या, देवानं खरी केली ती हीच.

गाडी थांबवली. बाई न सांगता पुढं येऊन बसली आणि बळी मागं चढला. अण्णांनी त्याचा हात धरला आणि मला म्हणाले, "आता जोरात हाण." मी हाणली. ते दोघं काय बोलले, मला ऐकू आलं नाही. तोंड पुढं करून बसायची पाळी माझी होती. परभणीच्या वेशीशी बळीचा हंबरडा ऐकला.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. बाईनं बळीला वाटेतलं सांगितलं असावं. दवाखान्याच्या पायरीवर त्यानं विचारलं, "बाप धाप टाकायलाय, आन् तू वायपर दुरुस्त करीत बसलास?"

उत्तर तोंडात आलं होतं. ते दिलं असतं, तर तुझ्यासाठी थांबलो हे ओझं त्यानं जन्मभर वाहिलं असतं. मी म्हणालो, "व्हय, बसलो." गावात आजही हेच सांगतात: थोरला धावत आला, धाकटा वायपरशी खेळत होता.

मी वायपर मागितला आणि वायपर मिळाला. बाप मागायचं सुचलं नाही. देवानं काय द्यायचं हे त्याच्यावरच सोडायला हवं होतं, हे त्या दिवसापासून कळतं; मनाला पटतं असं नाही. पण अण्णांचा चेहरा शांत होता, तो मी पाहिला. म्हणून दर सोमवारी नागनाथाचे आभार मानतो. बहुतेक वेळा दात खाऊनच मानतो. त्याला तेही चालत असावं.