कॅमेऱ्याला सलाम करणारे मामा

"दिसलो का भाऊ तिकडं?" कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहून, हात कपाळाला लावून मामा विचारायचे. मी शेजारीच शिडीवर असायचो, पण प्रश्न शहरात बसून फोनवर बघणाऱ्या मला असायचा.

मामा माझ्या नात्यातले नव्हेत, नांदेडकडचे. हैदराबादपासून दोन तासांवर एका व्यापाऱ्याच्या आमराईत रखवालदार होते. उदारीकरणानंतर हाती पैसा आलेल्यांनी माळावर कुंपण घालून ठेवलेल्या अशा जागा तुम्हीही पाहिल्या असतील. मालक वर्षातून चारदा येणार. तिथे वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. मी सोलर, बॅटरी आणि उपग्रहाच्या इंटरनेटची छत्री बसवून चार कॅमेरे चालू केले. समोर काही हललं की फोटो मालकाच्या आणि माझ्या फोनवर यायचा.

मामांना त्याचं भारी कौतुक. दर फेरीला चारही कॅमेऱ्यांना सलाम. पाहुणा आला तर त्यालाही समोर उभा करायचे. आमचं ठरलं होतं, काही अडलं तर डोक्याचा पटका सोडून हलवायचा.

"तुम्ही बघताव म्हणल्यावर मला कशाचं भ्याव?" ते म्हणायचे.

एकदा मालक हैदराबादेत माझ्या काचीगुड्याच्या दुकानात आले. "उनकू बोलो मियाँ, सलाम कम करो. फोन दिनभर चिल्लाता."

मामांना हे सांगणं माझ्या जिवावर आलं. मी दुकानात बसूनच दोघांच्याही फोनवरचे दिवसाचे अलर्ट बंद केले. फोटो नुसते साठत राहिले. पुढच्या वेळी मामांनी विचारलं तेव्हा मी "दिसता की" म्हणालो. माझा भिडस्तपणा मला नडेल असं आई म्हणायची. नडला तो मामांना.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. साठलेले फोटो मी नंतर पाहिले. सकाळी साडेनऊला ते फाटकाच्या कॅमेऱ्यासमोर आले, पटका सोडून हलवला. खाली बसले. उठून पुन्हा हलवला. असं पाच वेळा. मधे रस्त्याकडे बघत होते, गाडी येते का म्हणून. मी तेव्हा दुकानात चहा पीत होतो.

दुपारी एक धनगर पाणी मागायला आला. त्यानेच ट्रॅक्टर मिळवून त्यांना दवाखान्यात पोचवलं. सकाळीच आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मामांच्या मुलीचा फोन आला तसा मी दवाखान्यात गेलो. मामांनी माझा हात धरला.

"त्या धनगराला तुम्हीच धाडलं ना, भाऊ?"

खरं सांगायचं ठरवूनच आलो होतो. पण ते मुलीकडे वळले. "म्हणलं नव्हतं का, भाऊ बघत असतेत. त्यायला जेवल्याबिगर सोडू नको."

मी "हो" म्हणालो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मुलीने डबा उघडून भाकरी माझ्या हातावर ठेवली. मामा बघत होते, म्हणून ती सगळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी ते गेले. मुलगी अजून सणाला फोन करते, आणि मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.