खालांच्या तळहातांचा आवाज

पाचोडजवळच्या आमच्या गावात त्या साली विहिरी होळीआधीच आटल्या. हाताला काम राहिलं नाही, म्हणून मी आणि नवरा शहरात, गारखेड्याला आलो. तिथं नव्या इमारती उठत होत्या. तो गवंड्याच्या हाताखाली लागला. मला सातवा महिना होता. आमच्या खोलीला लागूनच एक विधवा मुसलमान बाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मीही म्हणू लागले.

भर उन्हाळ्यात मुलगी झाली. टँकर यायचा तेव्हा यायचा, आणि ओली बाळंतीण मी, रांगेत कुठली उभी राहणार? एकदा तर तो आलाच नाही. नवरा कामावर, माठ कोरडा, लंगोट तसेच पडलेले. खाला कळशी घेऊन आल्या आणि माझ्या माठात ओतू लागल्या. ते त्यांचं वजूचं पाणी होतं, नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याचं. मला ते माहीत होतं, म्हणून मी नको म्हणाले.

"बच्ची का हक पहले," त्या म्हणाल्या. "मेरे लिए मिट्टी है."

मी दारातून पाहत राहिले. अंगणातल्या कोरड्या मातीवर त्यांनी दोन्ही तळहात टेकवले, झटकले, चेहऱ्यावरून आणि मग हातांवरून फिरवले. पाणी नसलं की असं चालतं, याला तयम्मुम म्हणतात, हे त्यांनी मागाहून सांगितलं. टँकर पुन्हा येईपर्यंत त्या तसंच करत राहिल्या.

मुलगी कॉलेजात जाईपर्यंत अंगणाची फरशी झाली, गल्लीत चारमजली इमारती आल्या. खालांच्या नातीनं एक दिवस मोबाइलवर नकाशा दाखवला. गावोगावचे, देशोदेशीचे लोक त्यावर आपापल्याकडच्या इबादतीचे, म्हणजे प्रार्थनेचे, आवाज आणि फोटो टाकत होते. ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथली अजान ऐकू यायची. गुलमंडीकडच्या मशिदीची अजान नातीनंच टाकली होती. पण घरात नमाज पढणाऱ्या बायका यात कुठंच नाहीत, अशी तिची खंत होती. तिला आजीचं कुराणपठण हवं होतं. खालांनी साफ नकार दिला. परक्यांनी आपला आवाज ऐकावा हे त्यांना नको होतं; चेहऱ्याचा फोटो तर नाहीच नाही.

तेव्हा मी नातीला त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगितली. तिला ती ठाऊकच नव्हती. तो तयम्मुमच टिपू, त्यात तुमचं बोलणंही नाही, चेहराही नाही, असं मी खालांना म्हटलं. त्या विचारात पडल्या. नळाला पाणी असताना तयम्मुम होत नाही, म्हणाल्या. मग नात म्हणाली, "दादी, मुझे सिखाओ तो सही." शिकवायला त्यांची हरकत नव्हती.

मी गावाकडून पिशवीभर माती आणली. परातीत पसरली. तळहात मातीवर पडल्याचा मऊ आवाज, मग झटकल्याचा. एवढंच नातीनं टिपलं. फोटो फक्त हातांचा. त्याखाली मी सांगितलं तसं माझ्या मुलीनं मराठीत लिहिलं. खालांनी आम्हाला पाणी दिलं, हे कुठंतरी लिहिलं गेलं, याचं मला फार समाधान वाटलं.

काही दिवसांनी तिथं दूर देशातल्या एका बाईंनी लिहिलं, की त्यांची आई वाळवंटात असंच करायची. नातीनं ते वाचून दाखवलं.

"उसको मेरा सलाम लिख," खाला म्हणाल्या.

मी म्हणाले, "माझा जयभीम पण लिही."

नातीनं दोन्ही लिहिलं.