संपातली लावणी

परवा चुलीवर नव्या इंद्रायणीचा भात रटरटू लागला, आणि मला आमचा संप आठवला.

कारखाना हायवेला, आमची घरं भाटघरकडं. कंपनीला दणकून नफा झाला, तरी पगारवाढ देईनात, म्हणून आम्ही काम थांबवलं. पोटाला चिमटा बसला की येतील परत, असं साहेब धरून होते. आम्ही मात्र एकमेकांच्या खाचरांत भात लावत होतो, अंगात कंपनीचेच निळे शर्ट.

एका दुपारी साहेब स्वतःच बांधावर आले. "चला, बोलणी करू."

युनियनचे बबनराव ओणव्यानंच म्हणाले, "येतो की सायेब. येवढं खाचर उरकू द्या. तवर बसा."

साहेब खरंच बसले, बूट हातात घेऊन. आम्ही लई हसलो.

आज माझा मुलगा त्याच कारखान्यात कंत्राटावर आहे. आपला साहेब कोण, हेही त्याला ठाऊक नाही.